बिशपचं बिल पास झालं

एक पावती आहे, जानेवारी 1431 च्या शेवटच्या दिवसाची, फ्रान्समधल्या पण तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या रुआँ शहरातली. तिच्यात पिएर कोशों नावाचे बोवेचे बिशप लिहून देतायत की इंग्लंडच्या राजाच्या कामासाठी मी 1 मे ते 30 सप्टेंबर 1430 असा 153 दिवस फिरतीवर होतो, रोजचे पाच लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) प्रमाणे 765 लिव्र मला पोचले. काम काय, तर बर्गंडीच्या ड्यूककडे (इंग्रजांना सामील असलेला फ्रेंच सरदार) जा, कोंपिएन्यच्या छावणीत जा, आणि तिथे पकडली गेलेली ती जोन नावाची पोरगी इंग्रजांना किती पैशात देता ते ठरवा. सौदा 10,000 लिव्रला ठरला. हे पैसे नॉर्मंडीच्या लोकांवर कर बसवून उभे केले होते.

आता पावतीच्या तारखेकडे परत बघा. 9 जानेवारीलाच जोन ऑफ आर्कवरचा पाखंडाचा खटला सुरू झालेला होता आणि न्यायाधीश होते हेच बिशप साहेब. म्हणजे आरोपीला विकत आणण्यासाठी फिर्यादीच्या खर्चाने फिरलेला माणूस न्यायासनावर बसलाय, आणि खटला चालू असतानाच त्याच फिर्यादीकडून आपलं टीए-डीए बिल पास करून घेतोय. लपूनछपून नाही हं, रीतसर पावती देऊन.

मी आयुष्याची बरीच वर्षं एका ऑफिसात स्टेनो म्हणून काढली, विभागीय चौकशी लागली की जबाब टाइप करायला मला बसवायचे, त्यामुळे ही पावती वाचली तेव्हा मला राग यायच्या आधी ओळख पटली असं म्हणा. चौकशी अधिकारी, सादरकर्ता अधिकारी, समोर तो बिचारा अपचारी (हा सरकारी शब्दच असा आहे की माणूस चौकशीआधीच अर्धा दोषी वाटतो), मध्ये चहा, आणि कोपऱ्यात टाइपरायटर घेऊन मी. अशा कोपऱ्यात बसलेल्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते, की निकाल आधी ठरलेला असला ना की प्रोसिजर सैल होत नाही, उलट जास्त कडक होते. एकही कागद कमी पडू देत नाहीत.

तर माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोशोंची गोष्ट आपण "एका दुष्ट बिशपने एका निष्पाप मुलीला जाळलं" अशी ऐकतो, तशी ऐकली की बरं वाटतं, कारण मग आपला तिच्याशी संबंध उरत नाही. फ्रेंचमध्ये डुकराला जो शब्द आहे तो उच्चाराला याच्या नावाच्या अगदी शेजारी बसतो, त्यामुळे शिवी देणाऱ्यांची पण सोय झाली. पण हा माणूस कायदा मोडणारा नव्हताच, कायद्याचा विद्वान होता. आणि प्रश्न कायदा पाळला की नाही हा नाहीच आहे. निकाल देणाऱ्याचा आजचा पगार कोण देतो आणि उद्याची खुर्ची कोणाच्या हातात आहे, हा आहे.

कोशोंचं करिअर बघा म्हणजे कळेल. जन्म 1371 च्या आसपास, शांपान्य भागातला, घर रँस शहरातल्या खात्यापित्या लोकांचं, सरदार वगैरे नाही. पॅरिसच्या विद्यापीठात शिकला, चर्चच्या कायद्यात पदवी घेतली, 1403 मध्ये त्या विद्यापीठाचा रेक्टर झाला. तेव्हाचं पॅरिस विद्यापीठ म्हणजे साधं कॉलेज नव्हे, राजाला आणि पोपला सल्ला देणारी, वेळ आली तर दम भरणारी संस्था. त्या काळात दोन-दोन पोप होते, एक रोममध्ये आणि एक आव्हिन्योंचा, आणि ही भानगड मिटवायला जे विद्वान धावत होते त्यात कोशोंपण होता, 1407 च्या शिष्टमंडळात त्याचं नाव आहे. 1413 मध्ये पॅरिसमध्ये खाटीक लोकांनी उठाव केला, दरबारातली उधळपट्टी थांबवा, हिशोब द्या, अशी मागणी, आणि त्यातून सुधारणांचा जो भलामोठा हुकूमनामा निघाला, 258 कलमांचा, तो तयार करणाऱ्या समितीत हा होता. म्हणजे आपल्या भाषेत भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातला अभ्यासू चेहरा! काही महिन्यांत बाजू उलटली, हुकूमनामा रद्द झाला, याला पॅरिसमधून हद्दपार केलं.

इथे तो पहिल्यांदा एका पक्षाचा झाला असं मला वाटतं. फ्रान्सचे तेव्हा दोन तुकडे पडलेले, एक बर्गंडीच्या ड्यूकचा गट आणि दुसरा आर्मान्याक. 1407 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने राजाच्या सख्ख्या भावाचा भर रस्त्यात खून करवला होता, आणि एका धर्मपंडिताने भाषण ठोकलं होतं की हा खून नाही, जुलमी माणसाला मारणं पुण्यच. पुढे कॉन्स्टन्सच्या धर्मसभेत हे मत पाखंड ठरवायचं की नाही यावर जुंपली तेव्हा हद्दपार कोशों तिथे ड्यूकचा माणूस म्हणून हजर, त्या भाषणाचा बचाव करायला. बचाव कायद्याच्या भाषेत. हुशार माणसाचं असंच होतं बघा, आधी तो एखाद्या बाजूला तत्त्वासाठी जातो, मग ती बाजू त्याला सांभाळते, आणि मग तत्त्व आणि सांभाळ यातला फरक त्याचा त्यालाच सांगता येत नाही.

1418 ला बर्गंडीवाल्यांनी पॅरिस घेतलं आणि साहेबांचे दिवस पालटले. 1420 च्या त्रुआच्या तहाच्या वाटाघाटीत होता, म्हणजे ज्या तहाने फ्रान्सची गादी इंग्रज राजाच्या घराण्याकडे जायचं ठरलं तोच. त्याच वर्षी बोवेचा बिशप. बोवे म्हणजे साधं पोस्टिंग नाही, तिथला बिशप काउंटही असायचा आणि राज्याच्या बारा मानकऱ्यांपैकी एक, राज्याभिषेकाला राजाचा झगा नेण्याचा मान त्याचा. रँसच्या एका साध्या घरातला मुलगा, पन्नाशीत, इथवर. ड्यूक स्वतः त्याच्या पदग्रहणाला आला होता.

आणि मग 1429. सतरा-अठरा वर्षांची एक खेड्यातली पोर, हीच जोन, मला देवाकडचे आवाज ऐकू येतात म्हणत येते, ऑर्लेआँचा वेढा उठवते, 17 जुलैला रँसमध्ये, म्हणजे कोशोंच्याच गावात, सातव्या चार्ल्सला, म्हणजे त्रुआच्या तहाने गादीवरून बाजूला सारलेल्या आर्मान्याकांच्या राजपुत्राला, राज्याभिषेक करवून आणते, आणि ऑगस्टमध्ये बोवे शहर चार्ल्ससाठी दरवाजे उघडतं. बिशप साहेब पळाले ते रुआँला, इंग्रजांच्या आसऱ्याला. धर्मप्रांत गेला, उत्पन्न गेलं, मान गेला. नावापुढे बोवे, बोवेत पाय ठेवायची सोय नाही.

म्हणून मी म्हणतो की लाच वगैरे शब्द इथे फार लहान आहेत. खुर्ची गेलेला आणि खुर्चीची वाट बघणारा माणूस, ज्याला ती फक्त एकच पक्ष देऊ शकतो, आणि ज्या आरोपीमुळे त्याची खुर्ची गेली तीच समोर बेड्यांमध्ये उभी. याला कोणी पैसे चारायची गरजच काय?

आता ती प्रोसिजर. जोन पकडली गेली 23 मे 1430 ला, कोंपिएन्यजवळ, नदीच्या पलीकडे, आणि ती जागा माझ्या धर्मप्रांतात येते म्हणून तिचा न्याय करायचा हक्क माझा, हा कोशोंचा मुद्दा. पण खटला चालवायचा होता रुआँत, कारण तिथे इंग्रजांचं सैन्य, आणि दुसऱ्या बिशपच्या हद्दीत तुम्ही कोर्ट मांडू शकत नाही. रुआँची आर्चबिशपची गादी तेव्हा रिकामी होती, मग तिथल्या कॅननांच्या (कॅथेड्रलच्या पाद्र्यांच्या) मंडळाकडून 28 डिसेंबर 1430 ला लेखी परवानगी घेतली, उधार हद्द म्हणा ना. फाईलला पहिला कागद लागला. दुसरा 3 जानेवारीचा, इंग्रज राजाचं पत्र (राजा वय वर्षं नऊ, म्हणजे पत्र कोणाचं ते समजून घ्या), की ही बाई बिशपच्या हवाली करत आहोत, पण, आणि हा पण महत्त्वाचा, ती जर या खटल्यात दोषी ठरली नाही तर तिला परत आमच्या ताब्यात घ्यायचा आमचा हक्क राखून ठेवतो. सुटका झाली तरी सुटका नाही. एवढं लिहून दिल्यावर न्यायाधीशाला अजून वेगळं काय सांगायचं असतं?

जोनच्या गावाकडे चौकशीला माणूस पाठवला होता. पुढे 1456 मध्ये खटल्याची फेरतपासणी झाली तेव्हा रुआँच्या एका व्यापाऱ्याने साक्षीत सांगितलं की तो माणूस लोरेनकडचा, पाच-सहा गावांत फिरला, परत आला आणि म्हणाला, माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल ऐकायला आवडणार नाही असं काहीही मला तिथे ऐकू आलं नाही. बिशप भडकले, त्याला गद्दार म्हणाले, आणि त्याचे पैसे दिले नाहीत. पदरमोड करून फिरला होता तो. हे वाचल्यावर मला परत ती 765 लिव्रची पावती आठवली. एकाच खटल्यातली दोन प्रवासभाडी, एक पास आणि एक नापास, यावरून निकाल काय लागणार ते वेगळं वाचायची गरज नाही.

आणि विरोध करणारे नव्हते असं अजिबात नाही! निकोला द उपव्हिल नावाचा एक विद्वान होता, तो सुरुवातीलाच म्हणाला की बिशप आरोपीच्या विरुद्ध पक्षाचे आहेत त्यामुळे ते न्यायाधीश होऊ शकत नाहीत, शिवाय या मुलीची तपासणी आधी प्वातिएमध्ये झालेली आहे आणि ती रँसच्या आर्चबिशपला मान्य होती, जे बोवेच्या बिशपचे वरिष्ठ लागतात, मग खालच्याने वरच्याचा निर्णय कसा फिरवायचा. दोन्ही मुद्दे बिनतोड. उत्तर म्हणून त्याला तुरुंगात टाकलं, ओळखीपाळखीने सुटला. दुसरा जाँ लोइए, नॉर्मंडीचा नावाजलेला कायदेपंडित, सहज रुआँत आला होता तर बिशपनी मोठ्या विश्वासाने त्याला कागद दाखवले. तो म्हणाला हा खटला टिकणार नाही. बंद किल्ल्यात चालवताय, जिथे बोलणाऱ्याला मोकळीक नाही, मुलीला वकील नाही, ज्या फ्रान्सच्या राजाच्या अब्रूचा प्रश्न आहे त्याला बोलावलं नाही. बिशप म्हणे त्यावर चिडून म्हणाले, हा कुठल्या पायाने लंगडतोय ते दिसतंच आहे. म्हणजे मुद्द्याला उत्तर नाही, माणूस कोणाच्या बाजूचा ते शोधायचं. लोइए शहाणा निघाला, रुआँ सोडून थेट रोमला गेला.

जायच्या आधी तो चर्चमध्ये खटल्याच्या लेखनिकाला भेटला. लेखनिकाचं नाव गियोम मांशों, माझ्या जातीचा माणूस, म्हणजे जबाब उतरवून घेणारा. लोइए त्याला म्हणाला की हे लोक तिला शब्दात पकडणार, ती "मला खात्री आहे" म्हणते त्याऐवजी "मला वाटतं" एवढं जरी म्हणाली असती तरी तिला कोणी दोषी धरू शकलं नसतं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. किती जबाबांत किती जणांना मी हे सांगू शकलो असतो, साहेब चहाला बाहेर गेले की, नुसतं कानात, आणि सांगितलं नाही.

21 फेब्रुवारीपासून जाहीर बैठका सुरू. समोर चाळीस-पन्नास पंडित, कधी साठाच्या घरात, धर्मशास्त्राचे डॉक्टर, कायद्याचे पदवीधर, मठाधिपती, आणि इकडे एकोणीस वर्षांची निरक्षर मुलगी, पायात बेडी. 24 तारखेला तिला विचारलं, तुझ्यावर देवाची कृपा आहे असं तू मानतेस का? सापळा साधा आहे, हो म्हटलं तर गर्विष्ठ पाखंडी कारण हे कोणालाच कळत नसतं असं चर्चच सांगतं, नाही म्हटलं तर कबुली. ती म्हणाली, नसेल तर देव मला तिथे नेवो, असेल तर देव मला तिथेच ठेवो. विचारणारे गार पडले असं पुढे दुसऱ्या लेखनिकाने साक्षीत सांगितलं. वकिलाचं म्हणाल तर 27 मार्चला, म्हणजे सगळी उलटतपासणी उरकल्यावर, सत्तर कलमांचं आरोपपत्र वाचायच्या वेळी, साहेब म्हणाले की तुला सल्लागार हवा असेल तर आमच्या या मंडळींमधलाच एक निवड. नको म्हणाली ती. मग काय, मिनिट्समध्ये नोंद झाली, सल्लागार देऊ केला होता, आरोपीने नाकारला.

मग सत्तर कलमांची बारा केली आणि ती जोनला वाचून न दाखवताच मतासाठी पॅरिस विद्यापीठाकडे रवाना. विद्यापीठाने मे महिन्यात कळवलं, पाखंड आहे. पॅरिस इंग्रजांच्या ताब्यात होतं हे सांगायला नको. पण मला त्या उत्तरापेक्षा विचारण्याची पद्धत लक्षात राहिली, आरोपीचं म्हणणं बारा कलमांत आटवून पाठवायचं, मग लांबचा तज्ज्ञ त्या आटवलेल्यावर प्रामाणिकपणे मत देतो आणि आपण म्हणायला मोकळे की तज्ज्ञांनी सांगितलं. छळ करायचा का यावर पण मतं घेतली, 12 मे ला, फक्त तिघं हो म्हणाले, बाकीचे नको म्हणाले, म्हणून केला नाही. म्हणजे या लोकांना नाही म्हणता येत होतं! हे विसरू नका, कारण "तेव्हा कोणाची बोलायची हिंमतच नव्हती" हे वाक्य पुढे पंचवीस वर्षांनी फार जणांनी वापरलं.

24 मे ला सँ-उआँच्या स्मशानात लाकडी मंच उभारून तिला शिक्षा वाचायला सुरुवात झाली तेव्हा ती म्हणाली मला पोपपुढे न्या. खटल्याच्या अधिकृत कागदातच उत्तर आहे, पोपना एवढ्या लांबून आणणं शक्य नाही, आणि आपापल्या धर्मप्रांतात बिशपच न्यायाधीश असतो. तो आपापला धर्मप्रांत म्हणजे ज्यात बिशप साहेबांना जाता येत नाही तो, आणि बसलेत ते उधारीच्या हद्दीत. त्या दिवशी ती घाबरली, माघारीच्या कागदावर (माझे आवाज खोटे, पुरुषी कपडे पुन्हा घालणार नाही, असा) खूण केली, आणि इथे कोशोंच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, त्याने ती माघार मान्य केली. इंग्रज संतापले, तू तिला वाचवतोयस असं तोंडावर म्हणाले, तर त्याने सुनावलं की माझं काम तिचा जीव घेणं नाही, तिचा उद्धार बघणं आहे. मला वाटतं हे तो खरंच मानत होता. कागदावर सगळं बरोबर चाललंय तोवर आपण न्यायच करतोय असं मानणं त्याला जड जात नव्हतं. आणि लगेच पुढच्या क्षणाला, चर्चच्या तुरुंगात बायकांच्या पहाऱ्यात ठेवायचं सोडून, आणलीत तिथेच परत न्या असा हुकूम. परत तोच किल्ला, तेच इंग्रज शिपाई, तीच साखळी. चार दिवसांनी तिच्या अंगावर पुन्हा पुरुषी कपडे, पुन्हा ते आवाज ऐकू आले ही कबुली, आणि त्या उत्तरासमोर समासात लेखनिकाने लॅटिनमध्ये दोन शब्द लिहिले आहेत ज्यांचा अर्थ होतो, जीवघेणं उत्तर. 30 मे ला रुआँच्या जुन्या बाजारात जाळली.

आता यावर जे म्हणतील की अहो तो काळच तसा होता, त्यांना मी अर्ध्यापर्यंत मानतो. आर्मान्याकांच्या बाजूचे बिशप काही धुतल्या तांदळाचे नव्हते. ज्या रँसच्या आर्चबिशपने चार्ल्सला मुकुट घातला त्यानेच जोन पकडली गेल्यावर आपल्या गावकऱ्यांना कळवलं की ती कोणाचं ऐकायची नाही, स्वतःच्याच मनाने चालायची. हात झटकले की नाही? आणि कोशोंने काही वेगळी सैतानी पद्धत शोधली नव्हती, त्या काळात पाखंडाचे खटले असेच चालायचे, वकील नसायचाच बहुतेक वेळा. मान्य. पण उपव्हिलही त्याच काळातला होता ना? लोइएही? पक्षाचा माणूस न्यायाधीश नको हे मी 2020 नंतरचं शहाणपण 1431 वर लादत नाहीये, तिथे, त्याच गावात, त्याच महिन्यांत ते मोठ्याने बोललं गेलं आणि बोलणाऱ्याला कोठडी मिळाली.

आणि सगळं एवढं चोख होतं तर 12 जून 1431 चं ते हमीपत्र कशाला? जाळल्यावर दोन आठवड्यांच्या आत राजाच्या नावाने पत्र निघालं की या खटल्यात भाग घेतलेल्या कोणावरही पुढे पोपपुढे किंवा धर्मसभेपुढे दावा झाला तर त्याचा बचाव आम्ही करू, खर्च आमचा. अशी पत्रं कधी मागून घेतात हे नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको.

1432 मध्ये कोशोंना लिज्यूचं बिशपपद मिळालं. डोळा रुआँच्या आर्चबिशपपदावर होता म्हणतात, ते गेलं दुसऱ्याला. काही अभ्यासू लोक सांगतात की हे बक्षीस नव्हतंच, बोवे गेलं होतं त्याची भरपाई, आणि लिज्यू काही बोवेच्या तोडीचं नव्हे. असेल. पण माझा मुद्दा त्याने पडत नाही, उलट घट्ट होतो. बक्षीस लहान निघालं म्हणून वाट बघितली नव्हती असं होत नाही. पुढे दहा वर्षं साहेब सन्मानाने जगले, इंग्रजांच्या वतीने वाटाघाटींना गेले, लिज्यूच्या कॅथेड्रलमध्ये मारियामातेचं सुंदर चॅपेल बांधलं, आणि 18 डिसेंबर 1442 ला रुआँत दाढी करून घेताना गेले. एकदम, त्रास न होता.

मग उरलेला भाग, ज्याच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. 1449 ला सातव्या चार्ल्सने रुआँ जिंकलं आणि एकदम लक्षात आलं की आपल्याला मुकुट मिळवून देणारी बाई अजून अधिकृतपणे पाखंडी आहे, हे बरं दिसत नाही. चौकशी, मग परत चौकशी, मग जोनच्या म्हाताऱ्या आईच्या नावाने पोपकडे अर्ज, 7 नोव्हेंबर 1455 ला पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये ती आई उभी, आणि 7 जुलै 1456 ला निकाल, जुना खटला रद्द, ती बारा कलमं फाडून टाका. शंभरावर साक्षीदार ऐकले, तिच्या गावच्या शेतकऱ्यांपासून, आणि हे काम मोठंच होतं, नाकारत नाही. पण दोष कोणावर? गेलेल्या बिशपवर. गेलेल्या सरकारी वकिलावर. मेलेले सोयीचे असतात, आक्षेप घेत नाहीत. कोशोंच्या वारसांना नोटीस गेली तर त्यांनी कळवलं की आम्हाला या खटल्याचा बचाव करण्यात काहीही रस नाही, आणि नॉर्मंडी घेताना राजाने जी सर्वांना माफी दिलीय ती आम्हालाही लागू आहे एवढं बघा म्हणजे झालं.

आणि जिवंत लोकांचं काय? तोमा द कुर्सेल घ्या. छळ करा म्हणणाऱ्या तिघांतला एक हा, जबाबांचं लॅटिन भाषांतर करणारा पण हाच. 1456 ला साक्षीला आला, बरंचसं आठवत नाही म्हणाला. पॅरिसच्या नोत्र-दामचा डीन झाला, आणि 1461 मध्ये सातवा चार्ल्स वारला तेव्हा अंत्यविधीचं भाषण कोणी केलं, तर यानेच. कोशोंला डुक्कर म्हणून जे मोकळे होतात त्यांनी कुर्सेलचं नाव तरी ऐकलंय का? पॅरिस विद्यापीठाने तर काही झालंच नाही असं दाखवलं. एका बिशपच्या एकट्याच्या दुष्टपणाने काही झालं नव्हतं, शंभराच्या आसपास शिकलेल्या लोकांना त्या फाईलने एकेका सहीपुरतं काम दिलं होतं, आणि एका सहीपुरता अपराध कोणालाच जड होत नाही.

म्हणून मला चौकशी, आयोग, लवाद, न्यायासन, जे काय असेल ते, त्याबद्दल एकच नियम हवा आणि तो वेडावाकडा वाटला तरी चालेल. बसणाऱ्याला आधी सर्वांसमोर विचारा की तुझा खर्च कोण करतोय, आणि निकालानंतर काही वर्षं त्याला त्या पक्षाकडून काहीही मिळता कामा नये, पद नाही, बदली नाही, भरपाई म्हणून लहानसं लिज्यूसुद्धा नाही. चांगले लोक मिळणार नाहीत मग, असं म्हणतात. कोशों चांगलाच होता की, त्याच्याइतकी पात्रता असलेले फ्रान्समध्ये मोजकेच असतील. आणि दुसरं, जो म्हणेल की हा न्यायाधीश पक्षपाती आहे, त्याचं म्हणणं फाईलमध्ये लागलंच पाहिजे, निकालाच्या बरोबरीने. रुआँच्या खटल्याच्या पाच प्रती बनवल्या, पानापानावर लेखनिकांच्या सह्या, एवढं टापटीप काम, आणि त्यात लोइएचं मत कुठे आहे? ते आपल्याला कळलं जवळजवळ वीस वर्षांनी, राजा बदलल्यावर, तेही एका घाबरट लेखनिकाच्या आठवणीतून.

त्या मांशोंबद्दल सांगतो आणि थांबतो. शूर वगैरे नव्हता तो. जोनने एकदा भर बैठकीत म्हटलं होतं म्हणे, माझ्या विरुद्धचं लिहिता आणि माझ्या बाजूचं लिहीत नाही, तेव्हा लिहिणारे हेच हात होते. त्याने नंतर सांगितलं की तिला जाळल्यावर महिनाभर मला चैन नव्हतं, आणि खटल्याच्या मेहनतान्यातून मी एक लहान मिस्साचं (चर्चमधल्या प्रार्थनाविधीचं) पुस्तक घेतलं, तिच्यासाठी प्रार्थना करायची आठवण राहावी म्हणून. जाळल्यानंतर आठवडाभराने, 7 जूनच्या तारखेने, बिशपनी काही जणांचे जबाब घेतले, की शेवटच्या दिवशी सकाळी तिने कोठडीत आपले आवाज खोटे असल्याचं कबूल केलं होतं. हे जबाब फाईलला जोडायचे होते, म्हणजे तोंडच बंद होणार सगळ्यांचं. मांशोंला सही कर म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मी तिथे हजर नव्हतो. दबाव आणला, तरी नाही म्हणाला.

प्रती आजही बघायला मिळतात. सगळ्या पानांवर सह्या आहेत, त्या शेवटच्या पानांवर नाहीत.